महागाई पाव टक्का, मग पैसे जातात कुठे?

नळस्टॉप_वासी
'हिशेबी माणूस' यांनी काल लिहिलं की ऑक्टोबर २०२५ चा महागाई दर ०.२५ टक्के आलाय, २०१२ पासूनच्या मालिकेतला नीचांक, "म्हणजे स्वस्ताई आली, तरी मध्यमवर्गाचं रडगाणं चालूच." तिथेच उत्तर लिहायला बसलो, मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, दर शून्याजवळ आला म्हणजे भाव उतरले असं नव्हे. ऑक्टोबर २०२४ ला होते साधारण तिथेच राहिले, इतकंच. २०१२ ला १०० धरलेला किमतींचा निर्देशांक ऑक्टोबर २०२५ ला १९७ च्या आसपास होता. माळ्यावर चढून बसलेला माणूस म्हणाला, 'आज एकही पायरी चढलो नाही', तर तो अंगणात आहे का?

दुसरं म्हणजे या आकड्यामागची टोपली (महागाई मोजताना धरतात त्या वस्तू-सेवांची यादी). २०११-१२ च्या घरखर्च पाहणीवर विणलेली. त्यात खाण्यापिण्याला जवळपास ४६ टक्के वजन, शिक्षणाला साडेचारहूनही कमी. आमच्याकडे धाकटीची फी किराण्याच्या वर गेलीय. शाळेनं यंदा १२ टक्के वाढवली, वर 'उपक्रम शुल्क' वेगळं. कसला उपक्रम, तर कागदी कंदील. कागद आम्हीच द्यायचा.

हिशेबी_माणूस
दर आणि पातळी यातला फरक मला कळतो. 'स्वस्ताई' शब्द घाईत पडला, घ्या, मान्य. रडगाणं मात्र मागे घेत नाही. तुमच्या लेकीची शाळा म्हणजे देशाची टोपली नव्हे. शेतमजुराच्या घरात कमाईचा मोठा हिस्सा पोटातच जातो, त्याला भाजी उतरल्याचा खरा दिलासा मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बऱ्याच वस्तूंवरचा जीएसटी कमी झाला, तोही धरा.

माजी_बँकवाला
आमचंही ऐका. हा आकडा खाली आला की रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) खाली. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये साडेसहाचा साडेपाच झाला. रेपो खाली की मुदतठेवीचं व्याज खाली. कर्जवाले पेढे वाटतात, आम्ही पासबुक बघतो. हिच्या गुडघ्याच्या गोळ्यांचा भाव कुठल्या टोपलीत उतरला ते सांगा.

निफाडचा_कांदा
तिघंही शहाणे! आकडा उतरला कशामुळे, एकानं तरी विचारलं? भाजीपाला वर्षभरात २७ टक्क्यांच्या वर घसरला म्हणून. तुमचा नीचांक आमच्या कांदाचाळीत, साठवणीच्या शेडमध्ये, सडतोय. एप्रिलात भरलेला उन्हाळ कांदा दिवाळीनंतर काढला. निम्म्याला कोंब, उरल्याला ९०० रुपये क्विंटल. त्यातून हमाली, तोलाई, ट्रॅक्टर. पावती बघून बायको म्हणाली, भरलाच कशाला?

आणि भाव चढतो तेव्हा? ऑगस्ट २०२३, निर्यातीवर ४० टक्के शुल्क. डिसेंबरात सरळ बंदी. मे २०२४ ला उठवली, पण टनाला किमान ५५० डॉलरची अट आणि वर ४० टक्के शुल्क. पुरतं गेलं १ एप्रिल २०२५ ला. तोवर परदेशातलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं. तुम्ही चार महिने महाग कांदा खाऊ नये म्हणून आम्ही दोन वर्षं मार खायचा.

ठाणेकर_काकू
९०० क्विंटल म्हणजे किलोला ९ रुपये ना? आमच्या नाक्यावर ३० नं देतो, वर मूठभर कोथिंबीरही देत नाही आताशा. मधले २१ कोण खातं?

निफाडचा_कांदा
काकू, सगळे २१ काही चोर खात नाहीत. प्रतवारी, गोणी, गाडीभाडं, वाटेतली सड, घाऊकवाला, नाक्यावरचा. पण आमचा भाव पडतो तेव्हा तुमचा त्याच वेगानं पडत नाही, हे खरंय.

हिशेबी_माणूस
दर वेळी तेच रडणं. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, हे सोयीनं विसरता.

निफाडचा_कांदा
कर भरायला आधी उत्पन्न लागतं, साहेब. डिझेल, फवारणीचं औषध, ट्रॅक्टरचे सुटे भाग, कशावर कर नाही? एकदा मार्केटला येऊन ट्रॉलीवर रात्र काढा. मच्छर फुकट आहेत, महागाई शून्य.

माजी_बँकवाला
व्याजाचं राहिलंच.

नळस्टॉप_वासी
धागा माझा, विषय फी, आणि आपण ट्रॉलीवर पोचलो. असो. निफाडकर, पटलं. मी टोपलीचं वजन मोजत बसलो, टोपली रिकामी कोणाची झाली ते बघितलं नाही. पण फी कमी आहे असं यातून निघत नाही हां.

हिशेबी_माणूस
ठीक. पुढच्या वेळी लिहीन, 'महागाई दर घटला, कांदेवाल्यांच्या कृपेने'. समाधान?

निफाडचा_कांदा
समाधान काय करायचंय? पत्ता कळवा, दोन गोण्या पाठवतो. गाडीभाडं तुमचं.

ठाणेकर_काकू
ठाण्यापर्यंत भाडं किती पडेल? खरंच विचारतेय.