मदत हवी आहे: टँकचं पाणी दुधासारखं झालंय, मासे वर येऊन तोंड उघडतायत

नमस्कार मंडळी, मुलीच्या हट्टापायी तीन आठवड्यांपूर्वी दोन फुटी टँक घेतला, पन्नासेक लिटरचा, आणि दुकानदार म्हणाला काही होत नाही म्हणून त्याच दिवशी चार गोल्डफिश सोडले. पाचव्या दिवशी पाणी पांढुरकं. मी शहाण्यासारखं सगळं पाणी काढलं, खडे घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून धुतला, दोन दिवस काचेसारखं स्वच्छ आणि परत तेच! काल एक मासा गेला. पोरगी जेवली नाही रात्री.

आता वाचतोय तर कळतंय की स्पंजमधलेच बॅक्टेरिया माशांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि मी तेच क्लोरीनच्या पाण्यात धुवून मारले. टेस्ट किट आणलं, अमोनिया 2 पीपीएम, नायट्राइट 0, पीएच 8. पीएच जास्त असला की अमोनिया जास्त विषारी होतो म्हणे, त्यामुळे धास्ती.

सध्या खाणं बंद केलंय, एअर पंप चोवीस तास चालू, अँटीक्लोरीन टाकून रोज पाव टँक पाणी बदलतोय. एवढं पुरेल का निम्मं बदलू? सायकल व्हायला, म्हणजे फिल्टरमध्ये हे बॅक्टेरिया पुरेसे वाढायला, चार-सहा आठवडे लागतात तोवर हे तीन मासे मोठ्या टबात ठेवू का? आणि पुण्यात कोणाकडे जुन्या, चालू फिल्टरचा थोडा स्पंज मिळेल का, येऊन घेऊन जाईन. बाटलीतले बॅक्टेरिया खरंच काम करतात की नुसता खर्च?

आणि हो, घरात इतर सगळ्यांना टाकी घासायचीच आहे, त्यांना कसं थांबवू तेही सांगा 😅