प्लास्टिकच्या ख्रिसमस ट्रीला जुना लूक कसा द्यायचा? (सांगली)

कृष्णाकाठचा:
नमस्कार मंडळी, घरी 5 फुटी प्लास्टिकची ट्री आहे, पोरीच्या हट्टापायी घेतलेली. दरवर्षी निळे-जांभळे गोळे आणि चमचम लायटिंग, मोबाईल शॉपीचं उद्घाटन असल्यासारखं दिसतं. यंदा जुन्या पद्धतीनं करायचंय. गणपतीच्या माळा पडून आहेत त्या चालतील का?

मिरजेची मावशी:
आमच्याकडे पिढ्यानपिढ्या नाताळ असतो म्हणून सांगते, आधी फांद्या नीट उघडा की! लोक खोक्यातनं काढून तशीच उभी करतात मग मधला दांडा दिसतो. खालून सुरुवात करा, प्रत्येक फांदीचं एक टोक वर, एक डावीकडं, एक उजवीकडं, वेळ जातो पण निम्मं काम तिथंच होतं. मग माळा, गोळे शेवटी. माळ नुसती बाहेरून गुंडाळू नका, दांड्यापर्यंत आत न्यायची आणि परत टोकाला आणायची, झाड आतनं उजळतं. गणपतीची चालेल पण पिवळसर उजेडाची, उघडझाप नको. शेंड्याला चांदणी, तो बेथलेहेमचा तारा, आणि खाली गव्हाण. बाळ येशू आमच्या घरी 24 च्या रात्रीच ठेवतात, आधी नाही.

जुनं ते सोनं:
जुनं म्हणजे किती जुनं ते ठरवा 😄 मूळ जर्मन झाडावर काचेचे गोळे नव्हतेच, सफरचंदं, अक्रोड, कागदी गुलाब, बिस्किटं असायची. 24 डिसेंबर तिकडं आदम-हव्वेचा दिवस, सफरचंद त्यातनंच आलं. काचेचे गोळे 19व्या शतकात जर्मनीतल्या लाउशा गावातले कारागीर करू लागले. 1848 ला लंडनच्या साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणीच्या ट्रीचं चित्र आलं आणि इंग्लंडात सगळ्यांनाच ट्री हवीशी झाली. खरं सफरचंद प्लास्टिकच्या फांदीला झेपत नाही, लाल लोकरीचे गोंडे करा, अक्रोडांना सोनेरी रंग द्या. मेणबत्त्या मात्र अजिबात नको, पेटलं तर आवरणार नाही.

तासगावकर:
लाह्यांची माळ करा, सुईदोऱ्यात ओवायची, अमेरिकेत जुन्या काळी पॉपकॉर्नची करायचे. पोरं तासभर गप्प बसतात हा वेगळा फायदा.

कृष्णाकाठचा:
आणि मुंग्या?

तासगावकर:
बिनमिठाच्या, बिनतेलाच्या घ्या, आणि माळ भिंतीला टेकू देऊ नका.

कृष्णाकाठचा:
भारी, गोंडे आणि लाह्या फायनल. पण खालचं लोखंडी स्टँड लई बेकार दिसतंय, त्याला काय करू?

मिरजेची मावशी:
आईचं जुनं लाल इरकल असेल तर गोल गुंडाळा, काठ बाहेर ठेवून. तेवढं आधी त्यांना विचारा.