मदत हवी आहे: व्हायोलिनसाठी शिक्षक कसे निवडावेत?

मुलगी ८ वर्षांची आहे, व्हायोलिन शिकायचंय तिला. दोन शिक्षकांकडे एकेक तास बसून आलो. बाईंनी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलंय. त्यांनी पहिल्याच दिवशी नोटेशन (लिहिलेले सूर) उघडलं आणि पहिल्या ते आठव्या ग्रेडपर्यंतच्या संगीत परीक्षांचं सगळं समजावलं. सर सुझुकी पद्धतीने शिकवतात: आधी भरपूर ऐकायचं, वाचन नंतर, आणि पालकाने तासाला बसायचंच. त्यांनी तिचा अंगठा गजावर हलकेच वाकवून ठेवला आणि दहा मिनिटं एकच तार वाजवून घेतली. ती इतकी रमली की निघायलाच तयार नव्हती! माझा कल सरांकडे आहे. पण कानाने शिकलेली मुलं पुढे नोटेशन वाचताना अडखळतात का, ही काळजी जात नाही. कुणाची मुलं अशी शिकली आहेत का? ठरवण्याआधी शिक्षकांना तुम्ही काय काय विचारलंत?