हीप वाढवली तरी सर्व्हर मेमरी एरर देऊन पडतोय

प्रश्न: बिलिंगचं अ‍ॅप जावावर आहे, रॅम १६ जीबी. महिनाअखेरीला लोड आला की नेटिव्ह मेमरी अलोकेशन फेल (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमकडून मेमरी मिळाली नाही) म्हणून प्रोसेसच बंद पडते, हीप (जावाच्या ऑब्जेक्टसाठी राखलेली मेमरी) ८ वरून १४ जीबी केली तर आता आणखी लवकर पडतंय, काय करू?

उत्तर: अहो तिथेच घोळ झालाय. थ्रेडचे (एकाच वेळी चालणाऱ्या कामांचे) स्टॅक म्हणजे प्रत्येकाची स्वतःची मेमरी, मेटास्पेस (क्लासची माहिती), डायरेक्ट बफर (डेटा वाचण्या-लिहिण्यासाठीची जागा) हे सगळं हीपच्या बाहेर लागतं आणि १६ पैकी १४ तुम्ही हीपलाच दिलेत, मग उरलं काय? परत ८ करा.

दुसरं उत्तर: सहमत. थ्रेड पूल (कामासाठी वापरायच्या थ्रेडचा साठा) किती मोठा होतोय बघा, ६४ बिट लिनक्सवर प्रत्येक थ्रेडला डिफॉल्ट १ एमबी स्टॅक राखला जातो.

प्रश्नकर्ता: पूलला लिमिटच नव्हती! २०० घातली, हीप ८ केली, रात्रीचा रन पूर्ण झाला. मनापासून आभार.