दुबईचं कर्ज दुबईतच राहतं म्हणे!

दरखास्तवाला वकील, जळगाव
काल इथे एकाने छातीठोकपणे लिहिलं, "दुबईच्या बँकेचं कर्ज तिकडेच राहतं. विमान मुंबईला उतरलं की सुटलो." वर लोकांची वाहवा! डोकं फिरलं म्हणून लिहितोय. १७ जानेवारी २०२० ची अधिसूचना वाचा. अमिरातीच्या न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा आता दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली सरळ आपल्या जिल्हा न्यायालयात दरखास्तीला, म्हणजे वसुलीला, येतो. प्रमाणित नक्कल आणि किती वसूल झालं याचा दाखला जोडला की झालं, नव्याने दावा नको. इंग्लंड-सिंगापूरचं तर कधीपासून असंच आहे. अमेरिकेचा निकाल असेल तर मात्र त्यावर इथे ३ वर्षांत वेगळा दावा घालावा लागतो.

अमळनेरचा भाऊ
घाबरवू नका साहेब. परदेशी निकाल कधी मानायचा नाही ते सांगणारं त्याच संहितेचं कलम १३ मुद्दाम खिशात ठेवलं का? मन्हा साडू शारजाला होता. कंपनी बसली, पगार थकला, मग हप्ते थकले. समन्स गेलं जुन्या खोलीवर, हा इथे कपाशी वेचत होता. त्याला न ऐकता दिलेला निकाल कसला निकाल?

दरखास्तवाला वकील, जळगाव
एकतर्फी म्हणून आपोआप रद्द होत नाही. समन्स नीट बजावलं का, निकाल गुणदोषांवर आहे का, हे तपासतात. साडूंच्या बाबतीत मुद्दा आहे, घ्या, मान्य. पण तो कोर्टात येऊन मांडायचा असतो, घराला कडी लावून नाही. शेतकऱ्याचं राहतं घर कलम ६० मध्ये जप्तीतून सुटतं, भुसावळचा फ्लॅट सुटत नाही.

केळीवाला, सावदा
त्यांच्या बँकेला इथे पायघड्या, आणि आम्हाला? तिकडच्या व्यापाऱ्याने माझा कंटेनर उतरवून घेतला, नंतर म्हणे माल काळा पडला. दमडी नाही मिळाली भो. रावेरचा हुकूमनामा तिकडे कोण विचारतो?

दरखास्तवाला वकील, जळगाव
१९९९ चा दोन्ही देशांचा करार आहे. तिकडे बजावणी मागता येते. अरबी भाषांतर, तिकडचा वकील, खर्च होतो.

केळीवाला, सावदा
मग नाही मिळत असंच म्हणा ना!

धरणगावची लेक
दुबई राहू द्या. माझ्या आईची ठेव गावच्या पतसंस्थेत अडकली. ग्राहक मंचाचा निकाल आमच्या बाजूचा, तो गव्हाच्या कोठीत प्लास्टिकच्या पिशवीत पडलाय. समुद्रापलीकडचा कागद इथे चालतो आणि जिल्ह्याचा चालत नाही? संचालकांचे बंगले तसेच उभे.

अमळनेरचा भाऊ
ताई, आमच्याकडेही बठ्ठं बुडनं. बंगला बायकोच्या नावावर, गाडी मेव्हण्याच्या.

केळीवाला, सावदा
आणि मतं मागायला तेच येतात.

कालचा पोस्टवाला
विषय माझ्या पोस्टचा होता. मी बुडवा नाही, माझी नोकरी गेली होती.

धरणगावची लेक
आमचे संचालकही असंच म्हणतात, परिस्थिती वाईट होती.

कालचा पोस्टवाला
मला त्यांच्या पंगतीत बसवू नका!

दरखास्तवाला वकील, जळगाव
भांडू नका. ताई, सोमवारी ती पिशवी घेऊन या, निकालाची तारीख आधी बघू. फी नको. पोस्टवाले, तुम्हीही या. तुमची घेईन.