टाळीवरचा लाईट कधी लागतो कधी नाही, काय चुकतंय?

चोपड्याचा हौशी:
राम राम मंडळी. मळ्यातल्या गोठ्यासाठी टाळी वाजवली की लाईट लागेल अन् परत वाजवली की बंद होईल असं सर्किट करू राहिलो. खटका पार आतल्या भिंतीला आहे, अंधारात तिथवर जायचं म्हणजे शेणात पाय अन् पावसाळ्यात इचू-काट्याची भीती. कंडेन्सर माईक, मग बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, त्याचं आउटपुट डायरेक्ट ४०१७ ह्या मोजणाऱ्या आयसीच्या १४ नंबर पिनला, २ नंबरवरून दुसरा बीसी ५४७ अन् त्यावर १२ व्होल्टचा रिले (विजेवर चालणारा खटका). ४ नंबर पिन १५ ला जोडलीय, म्हणजे एका मोजणीला चालू, पुढच्या मोजणीला बंद. टेबलावर नुसता एलईडी होता तेव्हा दहात पाच-सहा वेळा तरी बरोबर चालायचं, रिले लावल्यापासून डोकंच फिरलंय, एका टाळीला दोन-तीनदा टकटक करतं अन् कुठं थांबेल भरोसा नाही. दोन आयसी बदलल्या, जळगावला गोलाणी मार्केटात जाऊन नवा माईक आणला, फरक शून्य.

रेडिओवाले काका:
रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) आहे का? १एन ४००७, पट्टीची बाजू प्लसकडे. तुम्ही लिहिला नाही म्हणून विचारतो. नसेल तर रिले सुटताना कॉइल जो झटका मारते त्यात ट्रान्झिस्टर जातो, अन् ४०१७ ला तो झटका पण टाळीच वाटतो.

भुसावळकर:
काकांचं बरोबर, डायोड पाहिजेच, पण मूळ दुखणं वेगळं आहे. टाळी आपल्याला एक आवाज वाटते, माईकमधून मात्र एकामागे एक कितीतरी लाटा निघतात अन् ४०१७ प्रत्येक लाट मोजतं. तेरा मोजल्या तर लाईट लागला, चौदा मोजल्या तर होता तसाच. एलईडीवर निम्म्या वेळा बरोबर आलं ना, तो जुगार होता भाऊ. मध्ये ५५५ टायमर आयसी टाका, मोनोस्टेबल, म्हणजे एकदा सुटलं की ठराविक वेळ एकच पल्स देतं. माईकवाल्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर त्याच्या २ नंबरला, ३ नंबरमधून ४०१७ च्या १४ ला. १० के रेझिस्टर अन् १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला की १.१ सेकंद होतात, तेवढा वेळ ते बहिरं राहतं. रिलेचा स्वतःचा टक आवाज माईक ऐकतो, तो पण त्यातच निघून जातो. शांत असताना कलेक्टरवर ४ व्होल्टच्या बरंच वर दिसलं पाहिजे, त्याच्या खाली गेलं कीच ५५५ सुटतं. अन् ४०१७ ची १३ नंबर पिन ग्राउंडला आहे ना? ती हवेत सोडली तर काहीच खरं नाही.

रावेरचा केळीवाला:
२३० व्होल्ट गोठ्यात नको भो. ओली जमीन, लोखंडी साखळ्या, जनावराला माणसापेक्षा लवकर करंट बसतो. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घरात असेलच, तिच्यावरच सर्किट अन् १२ व्होल्टचाच एलईडी बल्ब लाव, प्लसला फ्यूज टाक. लाईट गेली तरी गोठ्यात उजेड. बाकी एक शंका, डोक्यावर चाऱ्याचा भारा असताना टाळी कशी वाजवणार?

चोपड्याचा हौशी:
भारा खाली टाकून, दुसरं काय. डायोड खरंच नव्हता, लाज वाटली. ५५५ टाकलं, पंपाच्या बॅटरीवर घेतलं, चार दिवस झाले एक टाळी एक काम. पण गाईच्या घंटीने भर दिवसा लाईट लागायचा अन् बॅटरी उतरायची, म्हणून काल ५५५ च्या ४ नंबर पिनवरून (ती ग्राउंडकडे ओढली की ५५५ बंद राहतं) ग्राउंडला एलडीआर, म्हणजे उजेडात रोध कमी होणारा सेन्सर, अन् प्लसला १०० के रेझिस्टर लावला. तर आता दिवसा शांत, रात्री एका टाळीत लागतो पण बंदच होत नाही. वीस टाळ्या मारल्या, म्हैस बिचकली, वडील उठून आले.

भुसावळकर:
एलडीआर आत लावला ना? बल्बचाच उजेड पडतोय त्याच्यावर, त्याला वाटतं दिवस उगवला, मग ५५५ टाळी ऐकतच नाही. बाहेरच्या भिंतीला वळचणीखाली लाव, उजेडाची तिरीप पण यायला नको. वायर लांब होईल तर पिळून ने. अन् माईकचं तोंड गव्हाणीकडे असेल तर दाराकडे फिरव, घंटी थोडी कमी ऐकेल.