विषय: पुन्हा तेच – कॅनडातल्या ब्रॅम्प्टनचे घर, डाउन पेमेंट ६०,००० की १,७०,०००?

नमस्कार मंडळी,
बुधवारपर्यंत ऑफर द्यायची असल्यामुळे पुन्हा लिहिते आहे. किंमत ८,५०,००० डॉलर आहे. पहिल्या ५ लाखांवर ५ टक्के आणि वरच्या साडेतीन लाखांवर १० टक्के, असे ६०,००० डॉलर डाउन पेमेंट नियमाने पुरते; परंतु २० टक्के हाताशी नसतील तर घर घेऊच नये, असे खजिनदार काकांनी पाडव्याला निक्षून सांगितल्यापासून आम्ही दोघेही अडकून पडलो आहोत. एफएचएसए (पहिल्या घरासाठीचे बचत खाते) आणि आरआरएसपी (निवृत्तीसाठीचे बचत खाते) धरून आमच्याकडे ९५,००० आहेत. पुण्याहून बाबा लागतील तेवढे पाठवायला तयार आहेत.

---

मी तसे म्हणालो आणि आजही तेच म्हणेन. आम्ही स्कारबरोत घर घेतले तेव्हा कर्जाचा विमा (डाउन पेमेंट कमी असेल तर सक्तीने घ्यावा लागणारा) टाळायला २५ टक्के भरावे लागत. ती अट २० टक्क्यांवर आली २००७ साली. तुम्ही ६०,००० भरलेत, तर ७,९०,००० च्या कर्जावर ४ टक्के, म्हणजे ३१,६०० डॉलर प्रीमियम कर्जातच मिळवला जाईल आणि त्यावर २५ वर्षे व्याज द्याल. शिवाय या विम्याचे संरक्षण बँकेला असते, तुम्हाला नव्हे. असे प्रश्न आधी मार्गदर्शनाच्या बैठकीत यावेत, ही विनंती मी मागेही केली होती.
– खजिनदार

---

काका, प्रीमियमचा आकडा बरोबर आहे, पण विमा असलेल्या कर्जाचा व्याजदर बहुधा कमी असतो, हेही त्यांना सांगायला हवे. वडिलांच्या म्हातारपणाची पुंजी २० टक्क्यांसाठी रिकामी करणे मला पटत नाही.

ताई, १० टक्के भरा. ८५,००० भरले की प्रीमियमचा दर ३.१ टक्क्यांवर येतो आणि ३१,६०० च्या जागी २३,७१५ होतात. मात्र या प्रीमियमवरचा ८ टक्के प्रांतीय कर, सुमारे १,९००, कर्जात घालता येत नाही, आणि लँड ट्रान्सफर टॅक्सचे (घरखरेदीवरच्या प्रांताच्या कराचे) १३,४७५ ही क्लोजिंगलाच, म्हणजे घर नावावर होतानाच, द्यावे लागतात. या टॅक्समध्ये पहिल्या घराला मिळणारी ४,००० ची सवलत धरूनही तुमचे ९५,००० थोडक्यात अपुरे पडतात, आणि वकिलाची फी निराळी. बाबांकडून तेवढेच घ्या. वर्षभरातली रक्कम १० लाख रुपयांच्या आत राहिली, तर तिकडे भारतात टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर) कापला जात नाही. पैसे परत करायचे नाहीत, असे गिफ्ट लेटर मात्र आताच लिहून घ्या.
– मिसिसागाहून

---

वरील ४,००० विषयी. ही सवलत जगात कुठेही स्वतःचे घर नसलेल्यालाच मिळते. नाशिकच्या फ्लॅटवर वडिलांनी हौसेने माझेही नाव घातले होते, आणि ते वकिलाने विचारले तेव्हा आठवले. त्या आठवड्यात ४,००० उभे करताना आमची फार ओढाताण झाली, म्हणून कळकळीने विचारतो: तुमच्या बाबांचा पुण्यातला कोथरूडचा फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?

---

आत्ताच फोन केला. कोथरूडचा फ्लॅट फक्त आईबाबांच्या नावावर आहे. यांचेही नाव कुठे नाही. ८५,००० भरून ऑफर देतो आहोत आणि बाबा नऊ लाख रुपये पाठवत आहेत. काका, गिफ्ट लेटरचा मसुदा रविवारी तुम्हाला दाखवायला आणू का?